गोळीने मिळवून दिलेले दोन तास

चिकुनगुन्याचा ताप माझ्या अंगात आठवडाभरही टिकला नाही. मनगटं, बोटांची पेरं आणि पायांचे घोटे मात्र त्याने धरले, ते अजून पुरते सोडलेले नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात घरोघर हे दुखणं होतं, त्यातलीच मी एक. माझं माहेर बार्शीचं. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, मग हा आजार देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला, हे सगळं मी स्वतः आजारी पडल्यावर वाचलं. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत मोकळे होतात. काहींचे होत नाहीत. तीन महिन्यांपलीकडे रेंगाळलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणतं, आणि तिथून पुढे नुसत्या गोळीवर भागत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. गोळ्या, शेक, व्यायाम आणि झोप यांचा मेळ घालता घालता जे उमगत गेलं, तेवढंच इथे मांडते.

१. गोळी दुखणं संपवत नाही, वेळ मिळवून देते. हे मला फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं. “गोळी घेतल्यावर बरं वाटतं ना? मग त्या दोन तासांत तुम्ही काय करता?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुखणं कमी झालं की बरं वाटतं, एवढाच गोळीचा अर्थ मला ठाऊक होता. त्यांनी दिनक्रम आखून दिला. सकाळी नाश्ता, मग गोळी, साधारण पाऊण तासाने कोमट पाण्यात हात बुडवून मुठी वळणं आणि उघडणं, मनगट वर-खाली करणं, घोटे गोल फिरवणं. न हललेला सांधा आखडतो, आखडलेला जास्त दुखतो, जास्त दुखला की आपण तो आणखी कमी हलवतो. हे चक्र गोळी थोडा वेळ थांबवते. थांबलेल्या वेळात व्यायाम केला तर पुढचा दिवस सुधारतो, नाहीतर दुपारी पुन्हा पुढच्या गोळीची वाट बघणं उरतं. तेव्हापासून गोळी आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत. एकीशिवाय दुसरी अपुरी.

२. दुखणं थांबवणारी गोळी वेगळी आणि आजाराला आवरणारी वेगळी. तापाच्या दिवसांत डॉक्टरांनी पॅरासिटामॉलशिवाय काहीही घेऊ दिलं नव्हतं. चिकुनगुन्या आणि डेंग्यू एकाच डासामुळे पसरतात, आणि डेंग्यू असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे नक्की झाल्यावरच पुढची औषधं सुरू झाली. काही महिन्यांनंतरही सांध्यांची सूज उतरेना, तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. हे दुखण्याचं औषध नव्हेच. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीचा चुकीच्या जागी चाललेला जोर कमी करतं आणि त्याचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात. तेवढे दिवस धीर धरायला पेनकिलर सोबतीला असते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आमच्या कालनिर्णयवर दर रविवारी लाल गोल असतो. गोळी घेतली की मी त्या गोलात फुली मारते, आणि मी विसरले तर आमचे हे विचारतात, “आजचा गोल रिकामा का?” मेथोट्रेक्सेटच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी, आणि ठरलेल्या अंतराने रक्ताची व यकृताची तपासणी. हा सगळा खटाटोप आधी भीतिदायक वाटला होता. आता तोच आधार वाटतो, कारण कुणीतरी माझ्या शरीरावर नीट नजर ठेवून आहे.

३. पॅरासिटामॉल एका नावाने घरात येत नाही. अंगदुखीच्या पाकिटात ते असतं, सर्दीच्या गोळीत असतं, अ‍ॅसिक्लोफिनॅक या पेनकिलरसोबतच्या जोडगोळीत असतं. नावं वेगळी, रंग वेगळे, मागच्या बारीक अक्षरांत औषध तेच. प्रौढ माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम, आणि यकृताचा त्रास, दारू किंवा कमी वजन असेल तर त्याहूनही कमी. ती ओलांडली तर यकृत निकामी होऊ शकतं. याच धोक्यामुळे आपल्याकडे २०११ मध्ये सरकारने जोडगोळ्यांतलं पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमवर आणलं. मी एका रविवारी घरातली सगळी पाकिटं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि मुलीला भिंगातून मागची अक्षरं वाचायला बसवलं. ती वाचत गेली, मी वहीत लिहीत गेले. यादी पुरी झाल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो, इतक्या ठिकाणी ते एकच नाव होतं. ती यादी आता औषधांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवली आहे. घरात कुणालाही सर्दी झाली तरी आधी झाकण वाचायचं, मग गोळी काढायची.

४. पित्ताची गोळी पोट सांभाळते, मूत्रपिंड नाही. डायक्लोफिनॅकच्या कुळातली औषधं पोटाला लागतात हे घराघरात माहीत आहे, म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल घेतलं की आपण निश्चिंत होतो. पण हीच औषधं मूत्रपिंडाला मिळणारा रक्ताचा ओघ कमी करतात, रक्तदाब वाढवतात, हृदयावरही ताण आणतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी जास्त करवणारी गोळी आणि ही पेनकिलर अशी तिन्ही एकत्र आली, तर मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका बराच वाढतो. जुलाब-उलट्या झाल्या किंवा कडक उन्हात पाणी कमी पडलं तर आणखीच. मला हे खऱ्या अर्थाने कळलं ते गिधाडांमुळे. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, आणि भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या गेल्या, कारण त्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाचं नव्हे, आपलं शरीर हे औषध बरंच पचवतं. पण जे औषध मी इतक्या सहज गिळत होते, त्याने आकाशातला एक पक्षी जवळजवळ पुसून टाकला, हे वाचून माझा हात थबकला. आता बोटांसाठी आणि मनगटासाठी मी जेल लावते. त्वचेवरून औषध रक्तात फार थोडं जातं, आणि वरवरच्या सांध्यांना ते पुरतंही. गोळी राखून ठेवते ती सूज वाढलेल्या दिवसांसाठी, डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवस.

५. आईने चोळून दिलेल्या तेलाला शास्त्राचं पाठबळ आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मणक्यातल्या मज्जारज्जूत त्याला एक दार लागतं. स्पर्श, दाब, चोळणं यांचे निरोप जाड, वेगवान तंतूंतून येतात आणि ते दार थोडं लोटून घेतात. ठेच लागली की आपण नकळत ती जागा चोळतो, ते उगीच नाही. त्यानंतर वेदनेचं शास्त्र बरंच पुढे गेलं, पण तो मूळ विचार टिकून आहे. फिजिओच्या दवाखान्यात कोमट मेणाचं पात्र असतं. हात त्यात बुडवायचा, बाहेर काढायचा, पुन्हा बुडवायचा, मग पांढऱ्या मोज्यासारखा थर चढलेला हात टॉवेलात गुंडाळून बसायचं. थर सोलून काढला की बोटं गुलाबी आणि मऊ झालेली असतात आणि मूठ मिटते. एक पथ्य मात्र त्यांनी बजावून सांगितलं. सांधा लाल, गरम आणि टरटरून सुजलेला असेल तेव्हा शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ. आखडलेला असेल तेव्हा शेक. या इलाजांनी रक्त तपासायची वेळ येत नाही आणि पोट बिघडत नाही, म्हणून मी त्यांना गोळीच्या खालच्या पायरीवर बसवत नाही.

६. दुखण्याच्या दिवसापेक्षा बऱ्या दिवसाला जास्त जपावं लागतं. दुखतं तेव्हा शरीर आपल्याला आपोआप थांबवतं. बरं वाटतं तेव्हा थांबवणारं कुणी नसतं, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात तर हाताला दहा कामं बोलावत असतात. बऱ्या दिवशी सगळं उरकायचं आणि पुढचे दिवस पडून राहायचं, या हेलकाव्यात गोळ्या वाढत जातात. यावर उपाय साधा आहे, पण मनाला पटायला जड. दोन भाकऱ्या थापायच्या, थांबायचं, मनगट सैल सोडायचं, मग पुढच्या दोन. फळ्यावर अर्धाच धडा लिहायचा, उरलेला मुलांकडून लिहून घ्यायचा. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याआधीच थांबायचं. माझ्या वर्गातल्या मुलांना फळ्यावर लिहायला मिळू लागलं, त्यांचं अक्षर सुधारलं, हा त्यातला अनपेक्षित आनंद.

७. झोप हेही औषधच आहे, त्याला उपचाराच्या यादीत जागा द्यावी. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच वेदना जास्त बोचते, आणि जास्त दुखलं की झोप पुन्हा मोडते. डॉक्टरांनी मला रात्रीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलं, १० मिलिग्रॅम. मेडिकलवाल्याने पाकीट देताना आवाज खाली आणून विचारलं, “ताई, ही डिप्रेशनची आहे, माहिती आहे ना?” घरी सासूबाईंच्याही कपाळावर आठी आली. खरं म्हणजे हे औषध नैराश्यासाठी आलं, पण त्याहून कितीतरी कमी मात्रेत ते वेदनेच्या वाटांवर काम करतं. मेंदूतून खाली येणारी, वेदना शमवणारी जी यंत्रणा असते, तिला ते बळ देतं. फिट्ससाठी आलेली गॅबापेन्टिनसारखी औषधंही आज नसांच्या दुखण्यासाठी दिली जातात. औषधाचं पहिलं नाव काय होतं यावरून ते मला का दिलंय हे ठरत नाही. सासूबाईंना मी हे असंच समजावलं. त्या एवढंच म्हणाल्या, “झोप लागते ना तुला? मग घे.” तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी सुस्ती राहते. आणि अशी औषधं मनाने एकदम बंद करायची नसतात, हळूहळू उतरवायची असतात.

८. जोराची गोळी म्हणजे चांगली गोळी नव्हे. सर्वांत वाईट दिवसांत मला थोडे दिवस ट्रॅमाडॉल दिलं होतं. दुखणं खाली आलं, पण डोकं गरगरायचं आणि पोट साफ होईना. हे औषध अफूच्या कुळातल्या औषधांसारखं काम करतं. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. कॅन्सरच्या वेदनेत किंवा ऑपरेशननंतर या कुळातली औषधं मोठं वरदान आहेत. माझ्यासारख्या लांबत जाणाऱ्या दुखण्यात मात्र शरीर त्यांना सरावतं, मात्रा वाढत जाते, गुण वाढत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या अर्धशिशीत तर मी वेगळंच पाहिलं. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साध्या पेनकिलर, किंवा १० किंवा जास्त दिवस जोडगोळ्या, असं काही महिने चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. तिच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या थांबवल्या. पहिले दिवस फार कठीण गेले, मग डोकं उतरलं. जे औषध आराम देतं तेच वेदना पोसू शकतं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला पटलं नसतं.

९. रिपोर्ट नॉर्मल आला तरी वेदना खरी असते. मेथोट्रेक्सेट लागू पडलं, सूज उतरली, रक्ततपासणीत सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे दोन्ही आकडे सुधारले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मनगट मात्र दुखतच होतं. ताप उतरल्यावरही तोंडाची कडवट चव बरेच दिवस जात नाही, तसं नसांचं होतं. महिनोन्महिने वेदनेचे निरोप पोचवून त्या हळव्या होतात आणि सांधा शांत झाल्यावरही निरोप पाठवत राहतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. त्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा असा दोन्ही प्रकारचा अनुभव मानला आहे, आणि दुखतंय असं माणूस सांगतो त्याचा मान राखावा, असंही त्या व्याख्येच्या टिपांत नमूद आहे. हे वाचून मला रडू आलं. इतके दिवस मी माझ्या दुखण्याचा पुरावा शोधत होते, आणि माझा शब्द पुरेसा आहे असं कुणीतरी लिहून ठेवलं होतं. यातून व्यवहाराचा एक धडाही मिळाला. सूज असताना सूज उतरवणारी गोळी उपयोगाची. सूज गेल्यावर उरलेल्या वेदनेला तीच गोळी वाढवून देण्यात अर्थ नाही. तिथे चालणं, सावकाश वाढवलेला व्यायाम, झोप आणि मन रमवणारं काम यांचाच गुण येतो.

१०. दोन दवाखान्यांत दोन गोष्टी सांगू नयेत. आपल्याकडे आयुर्वेद, होमिओपॅथी, मालिश आणि शेजारच्या काकूंचा काढा हे सगळं एकाच घरात नांदतं. माझ्या वैद्यांनी गुग्गुळाचं औषध सुचवलं, तेव्हा मी त्यांच्यासमोर मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी ठेवली, आणि संधिवाताच्या डॉक्टरांसमोर वैद्यांची. दोघांपैकी कुणीही रागावलं नाही. यकृताची तपासणी होईपर्यंत थांबा, असं वैद्यच म्हणाले. भीती आहे ती नाव-गाव नसलेल्या पुड्यांची. सांधेदुखीवर हमखास म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं. पुढे तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे पुडी एकदम थांबवली तर माणूस कोसळू शकतो. डॉक्टर मोजून देतात आणि मोजून उतरवतात ते स्टेरॉइड वेगळं. कुणाचंही औषध घ्या, पण पाकिटावर आत काय आहे ते छापलेलं असावं.

११. वेदना किती आहे यापेक्षा काय करता आलं हे मोजावं. शून्य ते दहामध्ये आकडा सांगा, असं दवाखान्यात विचारतात. त्या आकड्यावर माझं मन, हवा, आदल्या रात्रीची झोप, सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून मी वहीत वेगळं लिहू लागले. दुधाची पिशवी कात्रीशिवाय फाडता आली का. कुकरचं झाकण एकटीने लागलं का. शाळेचा जिना कठडा न धरता चढले का. शेवटच्या तासालाही खडू हातात राहिला का. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा आमचं बोलणंच बदललं. आकडा पाचवरून चारवर आला का, हा प्रश्न मागे पडला. कोणती गोळी कोणत्या कामासाठी हवी, कोणती आता नको, असं आम्ही बोलू लागलो. सकाळची गोळी अशीच कमी होत गेली. आधी सुट्टीच्या दिवशी, मग शाळेच्या दिवशीही. वाईट आठवडा आला तर ती परत सुरू होते, आणि त्यात मला हार वाटत नाही.

तुमचं दुखणं कमरेचं असेल, गुडघ्याचं असेल, नागिणीनंतर उरलेल्या जळजळीचं असेल. तुमच्या वहीतल्या ओळी माझ्यापेक्षा वेगळ्या असतील आणि औषधंही. मला मनापासून सांगावंसं वाटतं ते इतकंच, की गोळी घेणं हा कमकुवतपणा नाही आणि गोळी टाळणं हा पराक्रम नाही. तिने मोकळा करून दिलेला वेळ हालचालीला, कामाला, माणसांना द्यायचा आणि पुढची गोळी लागेल का हे त्यावरून ठरवायचं. पुढच्या भेटीत डॉक्टर रविवारची मात्राही कमी करायचा विचार करणार आहेत. त्या दिवशी मी वही घेऊन जाणार आहे. तुम्हीही न्या. काय दुखतं याच्या यादीसोबत, काय करायचं आहे याची यादीही न्या.